बाबासाहेबांचं टेबल आणि शाईचं पेन

पेपर तीन तासांचा होता, पेन निघालं अडीच तासांचं! शेवटच्या प्रश्नाला रिफिल आटली. मागच्या बाकावर मागायची सोय नाही. शेवटी सुपरवायझर सरांनीच खिशातलं पेन काढून दिलं म्हणून निभावलं. रूमवर येऊन टेबलाचा ड्रॉवर उपसला तर चौदा पेनं निघाली. त्यातली लिहिणारी तीन. बाकीची सगळी वापरा आणि फेका प्रकारातली, फेकायची राहून गेलेली.

त्या दिवशी ठरवलं की आता एकच चांगलं पेन घ्यायचं, शाई भरता येईल असं, आणि रोज टेबलावर त्यानेच लिहायचं. पण चांगलं म्हणजे कोणतं? हे शोधता शोधता मी जाऊन पोहोचलो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांपाशी. मराठवाड्यातली बरीच इंजिनीअरिंग कॉलेजं आज लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेली आहेत. त्यामुळे हे नाव आपल्या मार्कमेमोवर छापून येतं. पण त्या माणसाला फाउंटन पेनांची मनापासून आवड होती हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? त्यांच्या चरित्रकारांनी आणि सहवासातल्या माणसांनी ते लिहून ठेवलंय. पुस्तकं, चांगले कपडे, पाळलेली कुत्री, उतारवयात व्हायोलिन आणि ही पेनं. काही जण याला शौक म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. फिटरने चांगला पाना जपून ठेवला तर आपण त्याला शौकीन म्हणतो का?

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१चा, महूचा. त्याच्या सातच वर्षं आधी, १८८४ साली, अमेरिकेत लुईस वॉटरमन यांनी आपल्या फाउंटन पेनाचं पेटंट घेतलं होतं. म्हणजे बाबासाहेब आणि भरवशाचं शाईचं पेन जवळजवळ एकाच पिढीतले! त्याआधी टाक आणि दौत. टाक बुडवा, चार शब्द लिहा, पुन्हा बुडवा. नळीत शाई भरून ठेवायची कल्पना जुनीच होती, पण शाई एक तर उतरायची नाही, नाहीतर भसकन सांडायची. वॉटरमन यांनी निबखालच्या तुकड्यात बारीक चिरा पाडल्या. शाई कॅपिलॅरिटीने चिरांतून खाली येते आणि जेवढी शाई बाहेर जाते तेवढीच हवा आत शिरते. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पहिल्या युनिटमध्ये आपण जे पाठ करतो, तेच. पाठ करताना कुणी पेन उघडून दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

लहानग्या भीमरावाच्या वाट्याला अर्थातच असलं पेन नव्हतं. साताऱ्याच्या शाळेत बसायला घरून गोणपाट न्यावं लागे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचं, शिपाई नसेल तर पाणी नाही. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झालेले, पेन्शन तुटपुंजी. पण मुलाला पुस्तक हवं असलं की ते लग्न झालेल्या मुलींकडे जायचे, उसने पैसे आणायचे, नाहीतर दागिना मागून गहाण टाकायचे. मुंबईला परळच्या चाळीत एका खोलीत अख्खं कुटुंब. मुलगा लवकर झोपायचा, वडील रात्री दोनला त्याला उठवायचे, मग दिव्याच्या उजेडात अभ्यास. हॉस्टेलला तिघांत एक रूम मिळाली म्हणून आपण रेक्टरकडे तक्रार घेऊन जातो, ते आठवलं. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, १९१२ साली बी.ए.

इथे आपल्या गंगाखेडची एक आठवण आल्याशिवाय राहात नाही. हे जनाबाईंचं गाव. नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबणाऱ्या जनीचे अभंग प्रत्यक्ष पांडुरंगाने लिहून घेतले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कथा गोड आहे, पण तिच्यात एक बोचणारी गोष्टही आहे. जात्यावर बसलेल्या बाईच्या हातात लेखणी नव्हती, लिहायला दुसऱ्या कुणाला यावं लागलं. साताऱ्याच्या गोणपाटावर बसलेल्या मुलाने मात्र ती स्वतःच्याच हातात घेतली.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. त्याच वर्षांत तिकडे पेनंही बदलत होती. ड्रॉपरने थेंबथेंब भरायच्या पेनांच्या जागी रबराची पिशवी असलेली, स्वतःच शाई ओढून घेणारी पेनं येत होती. बाबासाहेब पोटाला चिमटा घेऊन जुनी पुस्तकं विकत घेत होते, सुमारे दोन हजार जमवली. १९१७ साली परतताना सामान वेगळ्या जहाजाने पाठवलं, ते जहाज महायुद्धात पाणबुडीने बुडवलं. पुस्तकं समुद्राच्या तळाशी!

बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तर कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून फेकत. राहायला जागा कुणी देईना. शेवटी गाव सोडावं लागलं. पुढे मुंबईला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’, आणि त्याच वर्षी पुन्हा लंडन.

लंडनचे दिवस मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. ब्रिटिश म्युझियमचं वाचनालय उघडायच्या वेळी हजर, बंद होईपर्यंत तिथेच. दिवसभर वाचून टिपणं काढायची. रात्री भूक लागली तर भाजलेला पापड. झेरॉक्स नाही, मोबाइलने फोटो काढणं नाही, जे हवं ते हाताने उतरवून घ्यायचं. आणि एवढं करून लिहिलेला रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांनी सुधारून पुन्हा लिहायला सांगितला. १९२३ साली मुंबईत बसून त्यांनी तो पुन्हा लिहिला आणि डी.एस्सी. मिळवली. सबमिशनची एक फाइल परत आली तर आपण तीन दिवस तोंड पाडून बसतो.

रोज आठ-दहा तास लिहिणाऱ्या माणसाला पेन कसं हवं? एक म्हणजे दाबावं लागता कामा नये. बॉलपेनची शाई तेलकट आणि घट्ट असते. गोळी फिरवायला दाब द्यावा लागतो, म्हणून चार पानांनंतर अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागतं. शाईचं पेन नुसतं कागदावर टेकवायचं, ओढायचं काम कॅपिलॅरिटी करते. (बॉलपेन अमेरिकेच्या बाजारात आलं तेच १९४५ साली, म्हणजे बाबासाहेबांची बहुतेक ग्रंथरचना त्याआधीची.) दुसरं, पकडायची जागा फार बारीक नसावी, नाहीतर बोटं आवळली जातात. टोपण मागे लावून आणि न लावता, दोन्ही प्रकारे लिहून बघा. मागे जड झालं की मनगट थकतं.

निब घेताना सोनेरी रंगाला भुलू नका. स्टीलची निब उत्तम चालते. कागदावर घासतो तो टोकाचा कठीण मिश्रधातूचा दाणा. तो दाणा दोन्ही पात्यांवर सारखा आहे ना, आणि मधली चीर सरळ आहे ना, हे उजेडात धरून बघायचं. आपल्या वह्यांच्या आणि उत्तरपत्रिकांच्या कागदावर शाई पसरते, तेव्हा बारीक निबच बरी. दुकानात स्वतःचं नाव लिहून पेन पारखू नका, सही सगळ्याच पेनांनी छान येते. अर्धं पान भराभर लिहा, मग टोपण न लावता एक मिनिट ठेवा आणि पुन्हा लिहा. पहिलंच अक्षर उमटलं तर पेन घ्या.

भरायची पद्धत हा खरा वादाचा मुद्दा. ड्रॉपरच्या पेनात शाई भरपूर मावते, आठवडाभर बघावं लागत नाही. पण टाकी रिकामी होत आली की आतली हवा हाताच्या उबेने प्रसरण पावते आणि शाईला बाहेर ढकलते. एप्रिल-मेमधल्या आपल्या गंगाखेडच्या उन्हात शर्टाच्या खिशाचं काय होतं ते मी सांगायला नको. पंपाचं पेन कमी शाई घेतं, पण कमी गळतं आणि धुवायला सोपं. टेबलावर बसून लिहायचं असेल तर माझं मत पंपाला. शाईही फाउंटन पेनचीच भरा. आमच्या विंगमधल्या एकाने ड्रॉइंगची काळी शाई भरली, आतल्या चिरा अशा चिकटल्या की पेन गेलंच. पंधरा-वीस दिवसांनी साध्या पाण्याने धुतलं की झालं. आणि वर्कशॉपमध्ये, उभ्याने, तेलकट हातांनी लिहायचं असेल तर तिथे शाईचं पेन नेऊ नये. तिथे रिफिल बदलता येणारं धातूचं बॉलपेन बरं.

शाईसाठी लांब जायची गरज नाही. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईचा धंदा सुरू केला, त्यातूनच पुढे कॅम्लिन झालं. कॅमल आणि इंक मिळून कॅम्लिन! त्याच मुंबईत, त्याच वर्षांत, परळच्या दामोदर हॉलमधल्या कचेरीत बाबासाहेबांचं काम चाललं होतं. १९२७ साली महाडचा सत्याग्रह झाला आणि ‘बहिष्कृत भारत’ निघालं. त्या पाक्षिकाचे रकानेच्या रकाने त्यांना एकट्याने लिहावे लागत. दिवसा वकिली, संध्याकाळी भेटायला आलेली माणसं, रात्री अग्रलेख. पुस्तकं इतकी वाढली की दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांच्यासाठी ‘राजगृह’ बांधलं.

आता एका गैरसमजाबद्दल. अमुक पेनाने बाबासाहेबांनी राज्यघटना लिहिली, असे फोटो दर २६ नोव्हेंबरला मोबाइलवर फिरतात. संसदेच्या ग्रंथालयात जी सुंदर हस्ताक्षरातली इंग्रजी प्रत आहे ती दिल्लीच्या प्रेम बिहारी नारायण रायजादा यांनी टाकाने लिहिली, हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी. बाबासाहेबांचं काम त्याहून अवघड होतं. २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमलेल्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यातल्या २,४७३ सभागृहात मांडल्या गेल्या. शब्द खोडायचा, दुसरा घालायचा, का घातला ते उभं राहून सांगायचं, आणि रात्री पुन्हा कागद घेऊन बसायचं. तब्येत तेव्हाच ढासळू लागली होती. एवढं सगळं एका पेनाच्या फोटोत बसवणं म्हणजे कामाची किंमत कमी करणंच.

आपल्या भागाशी त्यांचं नातं जुनं. निजामाची राजवट १७ सप्टेंबर १९४८ला संपली आणि दोनच वर्षांत, १९५० साली, त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला (आजचं छत्रपती संभाजीनगर) कॉलेज काढलं, ते पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून पत्र्याची ट्रंक घेऊन आलेली, घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारी कितीतरी मुलं तिथे शिकली.

शेवटची वर्षं दुखण्याची. मधुमेह, पायांच्या वेदना, कमी होत गेलेली नजर. तरी लिहिणं थांबलं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. ५ डिसेंबरच्या रात्री, दिल्लीच्या अलीपूर रोडवरच्या घरी, त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाची प्रस्तावना, आणि आचार्य अत्रे व एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रं पुन्हा एकदा बघायला आणवून बिछान्याशेजारी ठेवून घेतली. ६ डिसेंबरच्या पहाटे झोपेतच ते गेले. ग्रंथ १९५७ साली निघाला.

मागे राहिले कागदांचे गठ्ठे. काही टाइप केलेले, काही हाताने लिहिलेले, कितीतरी अर्धवट. १९७९पासून महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली ते खंडाखंडाने छापायला घेतले. त्या कागदांत एक छोटंसं आत्मकथन होतं, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’, बाबासाहेबांच्या स्वतःच्या हस्ताक्षरातलं, १९३५-३६च्या सुमाराचं. लहानपणी मसूरच्या स्टेशनवर गाडीवाल्यांनी कसं नाकारलं ते त्यात आहे. बडोदा आहे. आणि १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यापाशी टाक्याच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून जमाव कसा अंगावर आला, तेही आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९ मार्च १९९० रोजी पुस्तिका म्हणून काढलं. जेमतेम वीसेक पानांचं आहे, पेपर संपल्याच्या संध्याकाळी वाचून होतं. वेरूळच्या ट्रिपला जाताना दौलताबाद वाटेतच लागतं.