शिवपिंडी आणि बिल्वपत्र : पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाणे

॥ श्रीशंकर प्रसन्न ॥



पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या त्रिशताब्दी जयंतीच्या दिवशी, दि. ३१ मे २०२५ रोजी, भोपाळ येथे पंतप्रधान श्री. नरेंद्र मोदी यांच्या हस्ते ३०० रुपयांचे स्मारक नाणे व टपाल तिकीट प्रकाशित करण्यात आले. या नाण्यावर देवींची प्रतिमा आहे. त्यांच्या स्वतःच्या कारकिर्दीत पडलेल्या रुपयावर मात्र त्यांची प्रतिमा नव्हती आणि नावही नव्हते. तेथे होती शिवपिंडी आणि बिल्वपत्र. या दोन चिन्हांचा अर्थ त्यांच्या चरित्रात शोधावा, यासाठी हा अल्प लेखनप्रपंच.

अहिल्यादेवींचा जन्म दि. ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात आहे. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. सुभेदार मल्हारराव होळकर यांनी या कन्येस आपले पुत्र खंडेराव यांच्यासाठी सून म्हणून पसंत केले आणि १७३३ मध्ये विवाह झाला. सासऱ्यांनी सुनेस लेखन, वाचन व हिशेब तर शिकविलेच. पुढे वसुली, न्यायनिवाडा, रसद, तोफखाना व दारूगोळा यांची व्यवस्थाही तिच्यावर सोपविली. सुभेदार मोहिमेवर असता घरचा कारभार त्या पाहू लागल्या.

मार्च १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेच्या गोळ्याने धारातीर्थी पडले. अहिल्यादेवी सती जावयास निघाल्या असता वृद्ध मल्हाररावांनी त्यांना परावृत्त केले. २० मे १७६६ रोजी आलमपूर येथे सुभेदारांचेही देहावसान झाले. गादीवर आलेले पुत्र मालेराव वर्षभराच्या आतच, १७६७ मध्ये निवर्तले. तेरा वर्षांत पती, सासरे व पुत्र गेले आणि दौलतीस वारस उरला नाही. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तक घेण्याचा आग्रह धरला व रघुनाथराव पेशवे फौजेनिशी माळव्यात उतरले. देवींनी सैन्य सज्ज केले, इतर सरदारांशी संधान बांधले आणि पुण्यास माधवराव पेशव्यांकडे आपली बाजू मांडली. पेशव्यांनी त्यांचा अधिकार मान्य केला. फौजेची जबाबदारी तुकोजीराव होळकरांकडे व मुलकी कारभार देवींकडे, अशी वाटणी झाली. नर्मदातीरीचे महेश्वर ही त्यांची राजधानी झाली.

आता त्यांच्या नाण्याकडे वळू. होळकरांचे रुपये महेश्वर येथे व इंदूर येथे पडत. इंदूरच्या नाण्यांवर टांकसाळीचे नाव मल्हारनगर असे येते. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्यांवर फार्सी लिपीत दिल्लीचे बादशाह शाहआलम दुसरे यांचे नाव असे. बादशाहीची सत्ता क्षीण झाली होती, तरी तिच्या नावाचा रुपया व्यापारी व सराफ निःशंकपणे घेत. अनोळखी नाण्यास बट्टा बसे आणि त्याचा भुर्दंड अखेर रयतेस सोसावा लागे. म्हणून नाव परंपरेचे ठेवावे आणि आपली ओळख चिन्हाने सांगावी, अशी रीत बहुतेक संस्थानांत होती. हे चिन्ह निवडणे मात्र राज्यकर्त्याच्या हाती असे. देवींच्या नाण्यांवर शिवपिंडी व बिल्वपत्र आले. राज्य श्रीशंकराचे, आपण केवळ त्याच्या कारभारी, हा त्यांचा भाव होता. राज्याच्या आज्ञापत्रांवरही श्रीशंकराचेच नाव असे.

हा भाव त्यांनी हिशेबात उतरविला, हे विशेष होय. होळकरांकडे द्रव्याचे दोन प्रवाह होते : दौलतीचे उत्पन्न आणि खासगीचे उत्पन्न. खासगीची गावे मूळ मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे होती. त्यांच्या पश्चात ती अहिल्यादेवींकडे आली. देवींचा दानधर्म या खासगीतून चाले. या द्रव्यावर त्यांनी तुळशीपत्र ठेवून ते धर्मकार्यास अर्पण केले, अशी परंपरा सांगतात. ही शिस्त पाळणे सोपे नव्हते. तुकोजीरावांच्या मोहिमांस सतत पैसा लागे व त्यावरून उभयतांत वारंवार वाद होत. तत्कालीन पत्रव्यवहारात त्याच्या खुणा जागोजाग आढळतात.

या द्रव्यातून काय उभे राहिले, हे भाविकांस सांगावयास नको. काशीचे श्रीविश्वनाथ मंदिर १७८० मध्ये पुन्हा उभे राहिले. सोमनाथ येथे १७८३ मध्ये मंदिर झाले. गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ मध्ये पूर्ण झाले. वेरूळच्या श्रीघृष्णेश्वराचा जीर्णोद्धार झाला. घाट, विहिरी, धर्मशाळा व अन्नछत्रे हिमालयापासून दक्षिणेपर्यंत उभी राहिली. यांतील बहुसंख्य स्थाने होळकरांच्या मुलुखाबाहेरची होती. नुसते बांधून न थांबता पूजा, नैवेद्य व गंगोदक यांसाठी कायमच्या नेमणुका करून देण्यात आल्या. महेश्वरी विणकरांस आश्रय मिळाला व त्यांची कला आजही जिवंत आहे.

उत्तरायुष्यात दैवाने पुन्हा परीक्षा पाहिली. नातू नथोबा गेला. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि एकुलती कन्या मुक्ताबाई, आईने परोपरीने विनवूनही, सती गेली. ज्यांना सासऱ्यांनी चितेवरून परत आणले होते, त्यांना आपल्या लेकीस परत आणता आले नाही. या आघातानंतरही कारभार थांबला नाही. दि. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे देवींनी देह ठेवला.

खासगीच्या संपत्तीसाठी १९६२ मध्ये इंदूर येथे न्यास स्थापन झाला. हा सार्वजनिक न्यास असून त्यास सार्वजनिक न्यासांचा कायदा लागू आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. धर्मार्थ ठेवलेले द्रव्य कोणाचे, हा प्रश्न सव्वादोनशे वर्षांनंतरही न्यायालयाच्या दारी जाऊ शकतो. देवींनी त्याचे उत्तर आपल्या रुपयावरच कोरून ठेवले होते.

नवे नाणे संग्राह्य आहे; ते देव्हाऱ्यात ठेवावे, मुलांस दाखवावे. त्यावरील मातोश्रींचे मुख दाखविताना जुन्या रुपयावरील पिंडी व बिल्वपत्राची गोष्टही आवर्जून सांगावी. दानपेटीत पडणारा प्रत्येक रुपया ज्यांच्या हातून हिशेबात लिहिला जातो, अशा आपणां सर्वांस तर ती नित्य स्मरणात ठेवण्याजोगी आहे.

पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन.

— सचिव, विश्वस्त मंडळ