विल्यम गॉसेट : ‘विद्यार्थी’ म्हणवून घेणारा संशोधक

दोन कुंड्यांत मूग पेरावयाचे, एकीस खत घालावयाचे, दुसरीस नाही, आणि तीन आठवड्यांनी रोपांची उंची मोजावयाची, हा प्रयोग आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी केला असेल. खताच्या कुंडीतील रोपे थोडी उंच निघाली की खतामुळे वाढ होते असे वहीत लिहून आपण मोकळे होतो. परंतु खत मुळीच न घालताही चार रोपे दुसऱ्या चार रोपांहून उंच निघू शकतात. एक बी दुसऱ्यासारखे नसते, ऊनही सर्वत्र सारखे पडत नाही. मग दिसलेला फरक खताचा की योगायोगाचा? अवघ्या चार रोपांवरून याचा निवाडा करण्याची रीत ज्यांनी शोधून काढली, त्या गृहस्थांनी आपले लेख ‘स्टूडंट’, म्हणजे विद्यार्थी, या नावाने प्रसिद्ध केले. शाळेच्या वार्षिकात त्यांच्या चरित्रास जागा देताना आम्हांला म्हणूनच विशेष आनंद वाटतो.

विल्यम सीली गॉसेट यांचा जन्म १३ जून १८७६ रोजी इंग्लंडमधील कँटरबरी येथे झाला. वडील सैन्याच्या अभियंता दलात कर्नल होते. मुलाचीही त्याच दलात जाण्याची इच्छा होती, पण दृष्टी अधू असल्यामुळे ती फळास आली नाही. विंचेस्टर येथील शालेय शिक्षणानंतर ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात त्यांनी प्रथम गणितात व पुढे रसायनशास्त्रात पहिला वर्ग मिळविला, आणि १८९९ मध्ये ते डब्लिन येथील गिनेस कंपनीत रसायनज्ञ म्हणून रुजू झाले.

ही कंपनी बिअर बनविणारी. मद्याच्या कारखान्याचे नाव निघताच काही घरांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतील हे आम्ही जाणून आहोत. त्या पेयाची भलावण करण्याचा आमचा हेतू नाही. पण शास्त्र कोणत्या दारातून घरात येईल याचा नेम नसतो. सातूचे कोणते वाण पेरावे, हॉप्सची प्रत कशी ठरवावी, द्रवातील किण्वाच्या पेशी किती, असे प्रश्न कारखान्यापुढे रोज असत. सातूचा प्रयोग म्हटला की एक सबंध हंगाम खर्ची पडे, आणि हाती लागत ते चारदोन शेतांचे आकडे. त्या काळचे गणित मात्र शेकडो मापे जमविणाऱ्यांसाठी रचलेले होते. थोड्या मापांना तेच गणित लावले तर मनुष्य वाजवीपेक्षा अधिक खात्री बाळगू लागतो, हे गॉसेट यांच्या ध्यानात आले. १९०४ मध्ये त्यांनी कंपनीस या विषयावर एक अहवाल सादर केला. दुसऱ्या वर्षी लंडनचे प्रसिद्ध संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांची त्यांनी भेट घेतली, आणि १९०६-०७ मध्ये कंपनीच्या परवानगीने ते पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेत शिकण्यास गेले. नोकरीत सात वर्षे मुरलेला, नुकताच विवाह झालेला गृहस्थ पुन्हा विद्यार्थी झाला!

१९०८ चा त्यांचा लेख आज जगप्रसिद्ध आहे. त्यातील एक भाग आम्हांला फार आवडतो. गणिताने काढलेले उत्तर बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी ३००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी यांची आधीच प्रसिद्ध झालेली मापे घेतली, ती पुठ्ठ्याच्या ३००० तुकड्यांवर उतरविली, ते तुकडे पत्त्यांसारखे पिसले आणि चार-चारांचे ७५० गट पाडले. मग प्रत्येक गटाची सरासरी काढून गणिताशी ताडून पाहिली. हे काम त्यांनी केले तेव्हा आजची संगणकयंत्रे नव्हती.

त्या रीतीचे मर्म असे. प्रथम, खताचा काही परिणाम नाही, असे मुद्दाम गृहीत धरावयाचे. तसे असताना केवळ योगायोगाने एवढा फरक कितीदा दिसेल, हे काढावयाचे. तो क्वचितच दिसेल असे ठरले, तर गृहीतक सोडावयाचे. वारंवार दिसण्याजोगा असेल, तर खताचे नाव घेण्यास आधार नाही. फरकाची सरासरी तिच्या संभाव्य चुकीच्या किती पट आहे, यावर हा निवाडा अवलंबून असतो. मापे विपुल असतील तर सुमारे १.९६ पट भरल्यास योगायोगाचा संभव शंभरांत पाच उरतो. परंतु मोजलेल्या जोड्या चारच असतील, तर तेवढ्याच खात्रीसाठी ३.१८ पट फरक लागतो, दहा असतील तर २.२६ पट. चार मापांवरून संभाव्य चूकच नीट कळत नाही, म्हणून हा जादा दंड! त्या लेखात चार ते दहा मापांसाठी कोष्टके दिलेली होती.

उदाहरण म्हणून त्यांनी अमेरिकेतील एका मनोरुग्णालयातील दहा रोग्यांचे आकडे घेतले. एका औषधाने झोप सरासरी ०.७५ तास वाढली, दुसऱ्याने २.३३ तास. दुसरे औषध अधिक गुणकारी असण्याचा संभव त्यांनी ६६६ विरुद्ध १ असा काढला. गंमत अशी की, मूळ निबंधातील औषधांची नावे उतरून घेताना त्यांची चूक झाली, आणि पुढे फिशर यांनी १९२५ च्या आपल्या ग्रंथात हेच आकडे घेतले तेव्हा ती चूकही त्यांच्याबरोबर तेथे गेली. गणित बिनचूक, नावे चुकलेली!

कारखान्याची गुपिते बाहेर फुटू नयेत म्हणून नोकरांनी स्वतःच्या नावाने लेख छापू नयेत, असा कंपनीचा दंडक होता. टोपणनावाचे कारण हेच. लेखाचे प्रथम फारसे स्वागत झाले नाही. पिअर्सन यांना थोड्या मापांत गोडी नव्हती. १९१२ मध्ये केंब्रिजहून रोनाल्ड फिशर या तरुणाने त्या सूत्राची सिद्धता पत्राने कळविली. गॉसेट यांना ती उमगली नाही, आणि तसे कबूल करून त्यांनी ती पिअर्सन यांच्याकडे धाडली. पुढे फिशर व पिअर्सन यांचे हाडवैर झाले, तरी गॉसेट दोघांचेही स्नेही राहिले. ज्यास आज ‘टी-कसोटी’ म्हणतात तिचे रूप गॉसेट आणि फिशर यांच्या पत्रव्यवहारातून सिद्ध झाले.

शाळकरी मुलांशी त्यांचा थेट संबंध आला तो १९३१ मध्ये. आदल्या वर्षी स्कॉटलंडमधील लॅनर्कशायर परगण्यात ६७ शाळांतील २०,००० मुलांवर दुधाचा प्रयोग झाला होता. १०,००० मुलांना चार महिने रोज पाऊण पिंट दूध दिले, निम्म्यांना कच्चे व निम्म्यांना पाश्चरीकृत. उरलेल्या १०,००० जणांना दिले नाही. एवढ्या प्रचंड आकड्यांपुढे कोण शंका काढणार? गॉसेट यांनी काढली. मुलांची निवड चिठ्ठ्या टाकून किंवा आद्याक्षरांवरून व्हावयाची होती, पण एखाद्या गटात सुदृढ वा अशक्त मुले फार झाली तर अदलाबदल करण्याची शिक्षकांना मुभा होती. दयाळू शिक्षकांनी गरीब, कृश मुलांना दुधाच्या गटात घातले असावे. कारण दूध न मिळालेली मुले आरंभापासूनच उंचीने व वजनाने अधिक होती. शिवाय वजने कपड्यांसह घेतलेली. पहिले वजन फेब्रुवारीच्या थंडीतले, दुसरे जूनमधले. सुखवस्तू मुलाच्या अंगावरचे जाड लोकरी कपडे मधल्या काळात उतरले, गरिबाजवळ उतरविण्याजोगे होते तरी काय? आणि कोणत्याही एका शाळेत दोन्ही प्रकारचे दूध दिलेले नसल्यामुळे कच्चे बरे की पाश्चरीकृत, हेही सांगता येईना. यापेक्षा एकसारख्या जुळ्यांच्या ५० जोड्या घेऊन त्यांतील एकास एक व दुसऱ्यास दुसरे दूध द्यावे, खर्चाच्या अल्पशा अंशात उत्तर मिळेल, असे त्यांनी सुचविले. शिक्षकांची ती दया आम्हांला दोषास्पद वाटत नाही. पण तिने वीस हजार मुलांचे आकडे निकामी केले हे खरेच.

मात्र शेतातील वाफ्यांची मांडणी चिठ्ठ्या टाकून न करता विचारपूर्वक समतोल करावी, असे गॉसेट अखेरपर्यंत म्हणत, आणि त्यावरून फिशर यांच्याशी त्यांचा वाद झाला. पाठ्यपुस्तके आज फिशर यांच्या बाजूची आहेत.

लंडनमधील त्याच युनिव्हर्सिटी कॉलेजात पुढे सातारा जिल्ह्यातील पां. वा. सुखात्मे यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून जाऊन संशोधन केले, आणि परतल्यावर पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज नमुन्यांवरून बांधण्याचे काम या देशात रुजविले.

गॉसेट यांना सुतारकामाची, मासेमारीची, फळझाडे लावण्याची हौस होती. दोन्ही टोकांना सुकाणू असलेली एक नावही त्यांनी योजिली होती. १९३४ मध्ये मोटार दिव्याच्या खांबावर आदळून त्यांचा पाय मोडला. अंथरुणावरचे ते महिने त्यांनी संख्याशास्त्रात घालविले, पण पाय अधू झाला तो झालाच. १९३५ मध्ये कंपनीच्या लंडन येथील नव्या कारखान्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. १६ ऑक्टोबर १९३७ रोजी, ६१ व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. कंपनीचा दंडक आता त्यांना लागू नव्हता. तरीही १९४२ मध्ये त्यांचे लेख एकत्र छापले गेले, तेव्हा ग्रंथाच्या नावात गॉसेट हे नाव नव्हते; होते ते ‘स्टूडंट’.