पालवणकर बाळू

1890 च्या सुमारास पुण्यात पारशी गृहस्थांचा एक क्रिकेट क्लब होता. त्या क्लबाच्या मैदानावर एक कोवळा मुलगा नोकरीस होता. खेळपट्टी झाडून स्वच्छ करावी, तिच्यावर रूळ फिरवावा, आणि सभासदांपैकी कोणास सराव करावयाचा असेल तर त्यास चेंडू टाकावेत, हे त्याचे काम. या कामाबद्दल त्यास दरमहा 3 रुपये मिळत. हाच मुलगा पुढे पालवणकर बाळू या नावाने साऱ्या हिंदुस्थानात विख्यात झाला. आपल्या देशाचा पहिला थोर फिरकी गोलंदाज म्हणून त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते.

बाळूंचा जन्म 1876 साली धारवाड येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे कोकणातील पालवणी गावचे. त्या गावावरूनच त्यांना पालवणकर हे आडनाव मिळाले. वडील लष्करी खात्यात नोकरी करीत. त्या नोकरीमुळे कुटुंब पुण्यास आले. बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम येथेच क्रिकेट शिकले. शिकले म्हणजे कोणी त्यांना शिकविले असे नव्हे. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या जुन्या बॅटी आणि झिजलेले चेंडू हेच त्यांचे साहित्य होते. इतरांचा खेळ बारकाईने पाहावा आणि मग आपण तसे करून पाहावे, हीच त्यांची शाळा होती.

पुढे बाळूंना इंग्रजांच्या पूना क्लबात दरमहा 4 रुपयांची नोकरी मिळाली. खेळपट्टी तयार करणे, सरावाची जाळी उभारणे, टेनिसच्या मैदानावर रेघा आखणे अशी कामे त्यांच्याकडे होती. सराव करणाऱ्या साहेबांना ते चेंडूही टाकू लागले. बार्टन नावाचे एक कॅप्टन डाव्या हाताने सुंदर गोलंदाजी करीत. बाळूही डावखुरे होते. त्यांनी बार्टन यांची चाल, हाताचे वळण आणि चेंडू सोडण्याची लकब नीट न्याहाळली आणि ती आपल्या अंगी आणली.

क्लबात ग्रेग नावाचे एक नामांकित फलंदाज होते. इतर सभासद येण्यापूर्वीच ते मैदानावर हजर होत आणि बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. असे सांगतात, की बाळूंनी आपणास बाद केले म्हणजे दर वेळी ते त्यांना 8 आणे बक्षीस देत. आठ आणे म्हणजे अर्धा रुपया. ग्रेग यांना आठ वेळा बाद केले, की बाळूंना एका महिन्याच्या पगाराइतकी रक्कम मिळे! पण पैशापेक्षाही मोलाची गोष्ट त्यांना मिळत होती. एका उत्तम फलंदाजाला चकविण्यासाठी चेंडूचा टप्पा कोठे पडावा, कोणता चेंडू थोडा हळू टाकावा, कोणता बाहेर वळवावा, याचे शिक्षण त्यांना रोजच्या रोज मिळत होते. शेकडो तास त्यांनी अशी गोलंदाजी केली. मात्र त्या मैदानावर फलंदाजीची संधी त्यांना कोणीही दिली नाही. बॅट धरणे हा साहेबांचा मान, आणि चेंडू टाकणे हे नोकराचे काम, अशी त्या काळची समजूत होती.

बाळूंच्या गोलंदाजीची कीर्ती हळूहळू शहरात पसरली. पुण्याच्या हिंदू खेळाडूंना युरोपीय संघावर विजय मिळवायचा होता. बाळू संघात आले तर तो मिळेल, हे सर्वांना दिसत होते. परंतु बाळू चर्मकार समाजात जन्मले होते आणि त्या काळी या समाजास अस्पृश्य मानीत. त्यांच्याबरोबर खेळावे की न खेळावे, यावर संघात मोठा वाद झाला. काही जण अनुकूल होते, काहींचा कडवा विरोध होता. अखेरीस बाळूंना संघात घेण्यात आले आणि त्यांच्या गोलंदाजीने संघ विजयी होऊ लागला. एकदा साताऱ्याच्या युरोपीय संघाने बाळूंचा चेंडू वळू नये म्हणून सामन्यापूर्वी आठवडाभर खेळपट्टीवर रूळ फिरवून ती कठीण करून ठेवली. तरीही बाळूंनी त्या सामन्यात 7 गडी बाद केले. ज्याने स्वतः वर्षानुवर्षे रूळ ओढला होता, त्यास खेळपट्टीची नस ठाऊक नसेल तर कोणाला असेल?

मैदानावर सर्व खेळाडू एकाच चेंडूला हात लावीत. यष्टिरक्षक बाळूंचा चेंडू झेली, क्षेत्ररक्षक तो उचलून परत त्यांच्या हाती देत. त्यात कोणासही काही वावगे वाटत नसे. पण चहाची वेळ झाली, की चित्र पालटे. इतर खेळाडू आत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा पीत. बाळूंना मात्र बाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणासाठी त्यांचे ताट वेगळे आणि मेजही वेगळे असे. खेळात जे साथीदार, ते पंगतीत परके! बाळूंनी हा अपमान गिळला. पण त्यामुळे आपली गोलंदाजी कधी ढिली पडू दिली नाही.

पुणे आणि मुंबई यांना जोडणारा लोहमार्ग बोरघाट उतरून कल्याणावरून जातो. बाळूंचे क्रीडाजीवन या दोन शहरांतच घडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते मुंबईस गेले आणि तेथील हिंदू जिमखान्याच्या संघातून खेळू लागले. त्या काळी मुंबईतील मोठ्या सामन्यांसाठी संघ धर्मावरून पडत. युरोपीय, पारशी आणि हिंदू असे निरनिराळे संघ एकमेकांशी झुंजत. 1906 साली हिंदू संघाने बलाढ्य युरोपीय संघाचा 109 धावांनी पराभव केला. हा विजय मिळविण्यात बाळूंचा वाटा मोठा होता. शिवरामही त्या संघात होते. परकीय सत्तेखाली असलेल्या लोकांना या विजयाने विलक्षण आनंद झाला. आणखी एक गोष्ट घडली. मुंबईच्या जिमखान्यात बाळू इतर खेळाडूंबरोबर बसून जेवू लागले. पुण्यात चहाच्या वेळी असलेली भिंत मुंबईत निदान मेजापुरती तरी कोसळली. सुधारणेचा पुरस्कार करणाऱ्या वृत्तपत्रांनी या घटनेचे स्वागत केले.

1911 साली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग हे कर्णधार होते. बाळू आणि शिवराम हे दोघेही बंधू या संघात होते. बाळूंचे वय तेव्हा पस्तीस वर्षांचे होते आणि त्यांचा खांदा दुखत असे. हवा परकी, खेळपट्ट्या अनोळखी, आणि संघाला वारंवार पराभव सोसावा लागत होता. अशा स्थितीतही बाळूंनी या दौऱ्यात एकंदर 114 बळी मिळविले. इंग्लंडमधील जाणत्या प्रेक्षकांनी त्यांच्या गोलंदाजीची वाहवा केली. पुण्याच्या मैदानावर रूळ ओढणाऱ्या मुलाने खुद्द क्रिकेटच्या मायभूमीत नाव मिळविले.

बाळूंच्या घरातच खेळाची एक शाळा भरली होती. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे त्यांचे तिघेही भाऊ हिंदू संघातून खेळले. वडील भावाचा कित्ता धाकट्यांनी गिरविला. विठ्ठल तर त्या काळचे एक अव्वल फलंदाज झाले. ज्या घरातील मुलाला मैदानावर कोणी बॅट दिली नव्हती, त्याच घरातून असा फलंदाज निपजला.

एवढा पराक्रम करूनही कर्णधारपदासाठी बाळूंची निवड कधीच झाली नाही. अनुभवाने आणि ज्ञानाने ते श्रेष्ठ होते. पण जातीची आडकाठी दूर झाली नव्हती. 1920 साली तर एका महत्त्वाच्या सामन्यासाठी त्यांना संघातूनच वगळण्यात आले. हा अन्याय विठ्ठल आणि शिवराम यांना सहन झाला नाही. त्या दोघांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपला निषेध जाहीरपणे मांडला. या प्रश्नाची चर्चा सर्वत्र झाली. लोकमत हळूहळू बदलत गेले. 1923 साली हिंदू संघाचे कर्णधारपद विठ्ठल यांच्याकडे आले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने स्पर्धा जिंकली. आनंदित झालेल्या लोकांनी विठ्ठल यांना खांद्यावर उचलून घेतले. थोरल्या भावाला जो मान नाकारला गेला, तो धाकट्या भावाला मिळाला.

बाळूंनी एकूण 33 प्रथम श्रेणीच्या सामन्यांत 179 बळी मिळविले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना तरुणपणी त्यांच्या पराक्रमाचा मोठा अभिमान वाटे. पुढे दोघांचे राजकीय मार्ग निराळे झाले. 1937 साली मुंबई कायदेमंडळाच्या निवडणुकीत बाळू डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध उभे राहिले आणि थोड्या मतांनी पराभूत झाले. 4 जुलै 1955 रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

त्या पुणे-मुंबई लोहमार्गावरील कल्याण शहरातील एखाद्या प्राथमिक शाळेत आज शारीरिक शिक्षणाचा तास सुरू होतो, तेव्हा मैदानावर तीन यष्ट्या उभ्या राहतात. लहान मुलामुलींना प्रथम चेंडू नीट पकडण्यास आणि नेमका फेकण्यास शिकवावे लागते. बॅट कशी धरावी, टप्पा कोठे टाकावा, हे मागाहून येते. चेंडू हलका घेता येतो, मैदान लहान आखता येते, नियम सोपे करता येतात. पण एक नियम कधीही सोडून चालत नाही. प्रत्येकाच्या हाती आळीपाळीने चेंडू आला पाहिजे आणि प्रत्येकाच्या हाती बॅटही आली पाहिजे. कोणी नुसते चेंडूच वेचीत राहता कामा नये. खेळ संपल्यावर पाण्याचा पेलाही सर्वांना सारखाच मिळाला पाहिजे. बाळूंना हे काहीही मिळाले नव्हते. तरीही त्यांनी आपल्या साधनेने उत्तम गोलंदाजी हस्तगत केली आणि आपल्या चेंडूने यष्ट्यांबरोबरच भेदाभेदाची भिंतही हादरविली. खेळाच्या मैदानावर सर्वांना सारखी संधी देणे, हेच त्यांचे खरे स्मारक होय.