मुलांच्या खेळासाठी झोळी घेणारे धर्मगुरू



दरवर्षी ३१ जानेवारीला आपण संत जॉन बॉस्को यांचा सण साजरा करतो. काळा झगा घातलेले, चेहऱ्यावर हसू असलेले आणि दोन्ही बाजूंना मुलांनी वेढलेले हे संत आपल्या चांगल्या ओळखीचे आहेत. माटुंग्याचे डॉन बॉस्कोचे देऊळ आणि शाळा मुंबईकरांना सांगावी लागत नाही. 'डॉन' हा शब्द ऐकला की हल्ली आपल्याला भलतेच काही आठवते, पण इटलीत धर्मगुरूंना आदराने डॉन म्हणतात. आपण जसे फादर म्हणतो, तसेच.

या संताच्या चमत्कारांच्या आणि स्वप्नांच्या कथा आपण पुष्कळ ऐकल्या आहेत. एक प्रश्न मात्र आपण सहसा विचारत नाही. शेकडो गरीब मुलांना त्यांनी गाणे शिकवले, वाद्ये दिली, नाटके बसवली, रात्रीची शाळा चालवली. या सगळ्याला पैसा कोणी दिला? आज त्यांचे चरित्र या एका प्रश्नाच्या अंगाने पाहू या.

जॉनचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील बेक्की या वाडीत एका शेतकरी घरात झाला. तो दोन वर्षांचाही नव्हता, तेव्हा वडील वारले. आई मार्गारेट हिने सासू आणि तीन मुलगे यांचा संसार एकटीने ओढला. त्यातला थोरला अँटनी हा सावत्र. त्याला जॉनचे पुस्तक डोळ्यासमोर नको असे. घरातली धुसफूस इतकी वाढली की, कोवळ्या वयात जॉनला दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून राहावे लागले.

या मुलाला एक नाद होता. जत्रेत डोंबाऱ्यांचा खेळ लागला की तो पुढे जाऊन बसे. दोरीवर कसे चालतात, हातचलाखी कशी करतात हे बारकाईने पाही आणि घरी येऊन पडत धडपडत शिके. मग रविवारी वाडीतली मुले आणि मोठी माणसे जमवून तो स्वतः खेळ करी. तिकीट काहीच नसे, फक्त एक अट असे. खेळाआधी सर्वांनी जपमाळेची प्रार्थना म्हणायची आणि सकाळच्या मिस्सातले प्रवचन त्याच्या तोंडून पुन्हा ऐकायचे. खेळ आणि प्रार्थना एका अंगणात नांदू शकतात, हे त्याला तेव्हाच कळले होते.

पुढे किएरी या गावी शिकताना त्याने शिंप्याकडे, कॉफीच्या दुकानात, मिळेल तिथे काम केले. तिथल्या मित्रांची त्याने एक मंडळी काढली आणि तिला नाव दिले आनंद मंडळ. उदास राहायचे नाही आणि आपले कर्तव्य चुकवायचे नाही, एवढेच तिचे नियम.

५ जून १८४१ रोजी तुरीन शहरात त्यांना गुरुदीक्षा मिळाली. ते शहर तेव्हा झपाट्याने वाढत होते. नवे कारखाने आणि नव्या इमारती उभ्या राहत होत्या. खेड्यापाड्यांतून मुले कामासाठी येत. कुणी गवंड्याच्या हाताखाली चुना वाही, कुणी धुराडी साफ करी. आठवडाभर राबायचे आणि रविवारी गल्लीबोळांतून भटकायचे. त्यांतली काही तुरुंगात पोहोचत. आपले गुरू डॉन काफास्सो यांच्याबरोबर तुरुंगात जाताना डॉन बॉस्कोंनी बारा ते अठरा वर्षांची धडधाकट मुले गजांआड पाहिली. सुटून गेलेली काही मुले पुन्हा तिथेच दिसत. बाहेर एखादा मायेचा माणूस असता, तर ही मुले इथे आली नसती, असे त्यांच्या मनाने घेतले.

त्याच वर्षी ८ डिसेंबरला, निष्कलंक मातेच्या सणादिवशी, ते असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या देवळात मिस्साची तयारी करत होते. बार्थोलोमियो गारेल्ली नावाचा सोळा वर्षांचा गवंडीकाम करणारा मुलगा थंडीपासून आसरा घ्यायला सॅक्रिस्टीत शिरला. त्याला मिस्साची सेवा करता येत नाही असे कळताच सॅक्रिस्टीतल्या माणसाने त्याला काठीने झोडपले. डॉन बॉस्कोंनी त्याला परत बोलावले. मिस्सा आटोपल्यावर त्यांनी चौकशी केली. आईवडील नाहीत, लिहितावाचता येत नाही, गाताही येत नाही. मग शिट्टी वाजवता येते का, असे त्यांनी विचारले आणि मुलगा हसला. त्या हसण्यावर सगळे काम सुरू झाले. क्रुसाची खूण आणि नमो मरिया हा पहिला धडा. पुढच्या रविवारी तो मित्रांना घेऊन आला, आणि हळूहळू मुलांची संख्या शेकड्यांत गेली.

आता अडचण सुरू झाली. इतकी मुले म्हटली की गोंगाट आलाच. एका जागेवरून दुसऱ्या जागी, दफनभूमीच्या चॅपलपासून गिरणीजवळ, तिथून भाड्याच्या खोल्यांत, शेवटी उघड्या शेतात, असा हा मेळा हाकलला गेला. शेताच्या मालकांनीही तक्रार केली की, मुलांच्या पायांखाली गवताची मुळेसुद्धा उरली नाहीत. शहराच्या अधिकाऱ्यांना या जमावाचा संशय येऊ लागला. काही धर्मगुरूंना वाटले, या माणसाचे डोके फिरले. दोघे जण बग्गी घेऊन त्यांना वेड्यांच्या इस्पितळात पोहोचवायला आले. डॉन बॉस्कोंनी ओळखले. त्यांनी आदराने दोघांना आधी चढू दिले, दार लावले आणि गाडीवानाला गाडी थेट इस्पितळाकडे हाकायला सांगितली!

१२ एप्रिल १८४६ रोजी, ईस्टरच्या रविवारी, वाल्दोक्को भागात पिनार्दी नावाच्या माणसाची एक बसकी पडवी त्यांना भाड्याने मिळाली. छत इतके खाली होते की, आतली जमीन खोदून उंची वाढवावी लागली. त्याच जुलैत ते दुखण्याने मरणाच्या दारात पोहोचले. दिवसभर विटा वाहणारी मुले पाळीपाळीने देवळात प्रार्थनेला बसली, काहींनी उपास धरले. डॉन बॉस्को वाचले. हे आयुष्य आता या मुलांचेच, असे त्यांनी ठरवून टाकले.

नोव्हेंबरमध्ये ते आईला घेऊन परतले. अठ्ठावन्न वर्षांची मार्गारेट आपले घर, आपले नातू सोडून शहरात आली. या कामाला सर्वांत आधी दान दिले ते तिनेच. लग्नातली वस्त्रे आणि गळ्यातला दागिना तिने मोडला. पुढे एकदा मुलांनी लुटूपुटीची लढाई खेळताना तिने कष्टाने लावलेला भाजीचा मळा पार तुडवला. ती कंटाळली आणि मला गावी जाऊ दे म्हणाली. मुलाने काही न बोलता भिंतीवरच्या क्रुसाकडे बोट दाखवले. ती पुन्हा कामाला लागली आणि १८५६ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिली. मुलांच्या खेळाची किंमत कुणाला तरी मोजावी लागते. आपल्या घराघरांतल्या आयांना हे सांगायला नको.

वाल्दोक्कोत आता संध्याकाळचे वर्ग भरू लागले. कामावरून दमून आलेली पोरे वाचन, लेखन, हिशेब शिकत आणि त्याबरोबर गाणेही शिकत. मुलांच्या घोळक्याला इतक्या शिस्तीत गाताना पाहून शहरातले नावाजलेले संगीतकार ती पद्धत बघायला येत. पुढे मुलांचा बँड निघाला. नाटकेही होत, आणि ती नुसत्या करमणुकीची नव्हती. १८५० पासून त्या राज्यात दशमान पद्धतीची वजनेमापे सक्तीची होणार होती आणि गरिबांची फसवणूक होण्याची भीती होती. डॉन बॉस्कोंनी १८४९ मध्ये त्यावर सोपे पुस्तक लिहिले आणि तोच विषय नाटकातून मुलांकरवी रंगमंचावर आणला. हसता हसता प्रेक्षकही नवी मापे शिकून गेले.

आता पैशाकडे येऊ या. या वर्गांची चर्चा नगरपालिकेच्या कानावर गेली. तिने आपली माणसे पाहणीला पाठवली. त्यांनी मुलांचे उच्चार ऐकले, हिशेब विचारले. सोळा-सतरा वर्षांपर्यंत अक्षरओळख नसलेली मुले काही महिन्यांत एवढी पुढे कशी गेली, याचे त्यांना नवल वाटले. त्यांच्या अहवालावरून नगरपालिकेने वर्षाला ३०० फ्रँक अनुदान मंजूर केले. (त्या काळी तिथे लिऱ्याला फ्रँकही म्हणत.) गरीब मुलांना शिकवणाऱ्या 'मेंदिचिता इस्त्रुइता' या धर्मादाय संस्थेचे संचालक गोनेल्ला हेही अनेकदा येऊन पाहून गेले. त्यांच्या सांगण्यावरून संस्थेने १००० फ्रँकचे बक्षीस दिलेच, शिवाय स्वतःही तसेच वर्ग सुरू केले. १८५० मध्ये राज्याच्या सिनेटमधले तीन सदस्य पाहणी करून गेले आणि सिनेटने या कामाला मदत करावी अशी सरकारकडे शिफारस केली.

३०० फ्रँक म्हणजे काही मोठी रक्कम नव्हती. १८५१ मध्ये पिनार्दीचे घर विकत घ्यायला २८,००० लिऱ्यांहून अधिक लागले. त्यासाठी विद्वान धर्मगुरू रोस्मिनी यांच्याकडून २०,००० लिरा कर्जाऊ घ्यावे लागले. देऊळ बांधायला पैसा नाही म्हणून डॉन बॉस्कोंनी लोकांकडून तीन हजारांहून अधिक वस्तू जमवून मोठी सोडत काढली. त्यातून उभे राहिलेले संत फ्रान्सिस दि सालेस यांचे देऊळ २० जून १८५२ रोजी आशीर्वादित झाले. आयुष्यभर ते श्रीमंतांचे जिने चढत राहिले. कुठे पाकीट मिळे, कुठे अपमान. डोक्यावर कर्ज नाही, असे दिवस त्यांच्या वाट्याला फार थोडे आले.

तरीही त्या ३०० फ्रँकांचे मोल वेगळे होते. ते देणारी माणसे आधी येऊन मुलांमध्ये बसली होती. ज्या पोरांकडे शहर संशयाने पाहत होते, त्यांच्याकडे त्याच शहराने प्रथमच आपली मुले म्हणून पाहिले. ते अनुदान १८७८ पर्यंत दरवर्षी मिळत राहिले. मग ते बंद झाले. का, ते डॉन बॉस्कोंना कधीच कळले नाही. पण अनुदान थांबले म्हणून त्यांनी गाणे थांबवले नाही.

शहराने जे दिले, त्याची परतफेड झाली का? १८५४ मध्ये तुरीनमध्ये पटकीची साथ आली. घरचे लोकही आजाऱ्याजवळ जायला भीत होते. त्या वेळी वाल्दोक्कोची चाळीसहून अधिक मुले रोग्यांची सेवा करायला पुढे झाली. कालपर्यंत ज्यांना शहर उनाड म्हणत होते, तीच ही मुले. जॉन काल्येरो हा पितृहीन खेडवळ मुलगा १८५१ मध्ये इथे आला, संगीत शिकला, मुलांना शिकवू लागला, गीतरचना करू लागला. १८७५ मध्ये दक्षिण अमेरिकेला गेलेल्या पहिल्या सलेशियन मिशनऱ्यांचा तोच प्रमुख होता. पुढे तो बिशप झाला आणि १९१५ मध्ये कार्डिनल. त्याच्या हाती पहिल्यांदा सुरांची वही देताना हे कुणाला ठाऊक होते?

डॉन बॉस्कोंनी आपल्या कामाच्या तीन खुणा सांगितल्या: समंजसपणा, धर्म आणि प्रेमळपणा. १८७७ मध्ये ही पद्धत त्यांनी लिहून काढली. मुलांना मनसोक्त उड्या मारू द्या, धावू द्या, ओरडू द्या. व्यायाम, संगीत, नाटक आणि सहली यांनी शिस्त बिघडत नाही, उलट लागते, असे त्यांनी त्यात बजावले. ३१ जानेवारी १८८८ रोजी त्यांचे निधन झाले. १९०६ मध्ये त्यांचे सलेशियन धर्मगुरू तंजावरला पोहोचले आणि भारतातले कार्य सुरू झाले. १ एप्रिल १९३४ रोजी, पुन्हा एका ईस्टरच्या रविवारी, पोप अकरावे पायस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले.

बंधूभगिनींनो, देवळाच्या छपरासाठी किंवा घंटेसाठी मागणी झाली की आपला हात लवकर खिशात जातो. वस्तीतल्या मुलांच्या ढोलकीसाठी, चित्रांच्या रंगांसाठी, सुट्टीतल्या शिबिरासाठी कुणी मागितले की मात्र आपण म्हणतो, आधी पोटाचे बघा, मग गाणे. आपले म्हणणे अगदीच चूक नाही. डॉन बॉस्कोही मुलांना भाकरी देत होते, काम शिकवत होते. पण गारेल्लीला हसवले ते त्यांच्या शिट्टीबद्दलच्या प्रश्नाने. भुकेल्या मुलालाही हसायचे असते, हे त्यांनी ओळखले होते.

म्हणून या रविवारी आपण एवढे तरी करू या. देण्याआधी एकदा जाऊन पाहू या. मुले कुठे जमतात, काय शिकतात, त्यांना कोण शिकवते, हे तिथे थोडा वेळ बसून बघू या. मग जमेल तेवढेच देऊ या, पण दरवर्षी देऊ या. आणि ज्यांना पैसा देणे शक्य नाही, त्यांनी आपला मळा थोडा तुडवू द्यावा. अंगणात खेळणाऱ्या पोरांवर न ओरडणे हेही एक दानच आहे.

संत जॉन बॉस्को, आमच्या मुलांसाठी आणि आमच्यासाठी विनंती करा.