तीन सुरांचा शोध

इंग्लंडच्या दक्षिण भागात हँपशायर परगण्यात सेलबोर्न नावाचे एक लहानसे खेडे आहे. खेड्यालगतच्या टेकडीच्या उतारावर बीच वृक्षांची दाट राई आहे. या खेड्यात १८ जुलै १७२० रोजी गिल्बर्ट व्हाइटचा जन्म झाला. त्याचे आजोबा तेथील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. ऑक्सफर्ड येथे उच्च शिक्षण घेऊन गिल्बर्टनेही तोच पेशा पत्करला. परंतु त्याचे मन रमले ते सेलबोर्नच्या रानावनातच.

१७५१ पासून तो आपल्या बागेची टिपणे ठेवू लागला. कोणते बी केव्हा पेरले, पाऊस केव्हा पडला, हे सारे तो नेमाने लिहून ठेवी. हळूहळू त्याचे लक्ष पक्ष्यांकडे वळले.

दर वर्षी वसंत ऋतूत दक्षिणेकडून काही चिमुकले पक्षी सेलबोर्नला येत. पाठ हिरवट, पोट पिवळसर, वजन साधारण दहा ग्रॅम! हिवाळ्यात आपल्याकडे झाडांच्या पानांआड लगबगीने किडे टिपणारे पर्णवटवट्ये याच कुळातले. हे पक्षी दिसावयास इतके सारखे, की लोक त्या सर्वांना एकाच नावाने ओळखत. क्षणभरही स्थिर न बसणाऱ्या या पाखरांत भेद कसा करावा? आजच्यासारखी दुर्बीणही त्या काळी नव्हती.

गिल्बर्टने डोळ्यांच्या मदतीला कान दिले. मार्चच्या मध्यास एक पक्षी येई आणि दोनच स्वर पुन्हापुन्हा घोळवीत राही. दुसऱ्याचे गाणे अगदी निराळे होते. ते गोड आणि उल्हसित असून शेवटाकडे हळूहळू उतरत जाई. रूप एक आणि गळे दोन, हे कसे? एवढ्यावर न थांबता त्याने दोन्ही पक्षी वजन करून पाहिले. दोहोंत जेमतेम दोन ग्रॅमांचा फरक भरला. पहिल्याचे पाय काळे होते, दुसऱ्याचे फिकट. हे दोन भिन्न पक्षी आहेत, याविषयी त्याला शंका उरली नाही.

आणखी एक तिसरा प्रकारही असावा, असे त्याला वाटत होते. परंतु एप्रिल १७६८ मध्ये थॉमस पेनंट या प्राणिशास्त्रज्ञाला पत्र लिहिताना तो पक्षी त्याच्या हाती आलेला नव्हता. त्याने शोध सोडला नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तिन्ही पक्षी त्याच्यासमोर होते. तिसरा आकाराने सर्वांत मोठा व रंगाने सर्वांत पिवळा होता. त्याच्या पंखांतील पिसांची टोके पांढरी होती. तो उंच बीच वृक्षांच्या शेंड्यांवरच राही आणि पंख थरथरवीत नाकतोड्यासारखा किरकिर आवाज काढी.

यांपैकी दोन पक्ष्यांना शास्त्रीय नावे मिळण्यास पुढे वीस वर्षांहून अधिक काळ लागला. एका खेड्यातल्या धर्मोपदेशकाने मात्र त्यांचे वेगळेपण त्याआधीच ओळखले होते.

त्या काळी पक्षी मारून हाती घेतल्यावाचून अभ्यासकांची खात्री पटत नसे. गिल्बर्टनेही तसेच नमुने तपासले. परंतु गाणे, वावरण्याची जागा आणि येण्याचा काळ यांवरून पक्षी ओळखण्याची जी वाट त्याने दाखवली, तिच्यामुळे आज बंदुकीवाचून पक्ष्यांचा अभ्यास करता येतो.

त्याच्या पत्रांचा ग्रंथ १७८९ मध्ये प्रसिद्ध झाला. सेलबोर्नच्या निसर्गाचे वर्णन करणारा हा ग्रंथ आजही आवडीने वाचला जातो. २६ जून १७९३ रोजी सेलबोर्न येथेच गिल्बर्ट व्हाइटचे निधन झाले. त्याच्या साध्या थडग्यावरील दगडावर नावाची आद्याक्षरे आणि ही तारीख एवढेच कोरलेले आहे.

त्याने दूरदूरचे देश पालथे घातले नाहीत. सर्वांच्या कानांवर रोज पडणारे सूर त्याने लक्ष देऊन ऐकले, आणि जेथे लोकांना एकच पक्षी दिसत होता तेथे त्याला तीन आढळले.