सॅम्युएल ॲडम्स

ज्याच्या हातून कर वसूल होईना, तोच करांविरुद्ध उठलेल्या लोकांचा पुढारी झाला, असें हें चरित्र आहे. ॲडम्स इ. स. १७२२ सालीं अमेरिकेंतील बॉस्टन नगरांत जन्मला. १७५६ पासून तो तेथें कर गोळा करी. पण गांजलेल्यांवर सक्ती न केल्यामुळें त्याच्या नांवें मोठी बाकी राहिली. १७६५ सालीं इंग्लंडच्या पार्लमेंटानें वसाहतींवर मुद्रांकाचा कर बसविला. तेथें वसाहतींचा एकही प्रतिनिधि नव्हता. म्हणून ॲडम्सनें त्यास विरोध केला. पुढें १७७३ सालीं लोकांनीं ३४२ पेट्या चहा समुद्रांत टाकला, बंदर बंद झालें, १७७५ सालीं युद्ध पेटलें. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यानें सही केली. तो १८०३ सालीं वारला. लोकांस न विचारतां घेतलेला थोडा पैसाहि राज्यास किती महाग पडतो, हें यावरून आम्हांस दिसतें.