द्राक्षाचा रस आंबतो कशामुळे? स्वतःच्या बागेत उत्तर शोधणारे लुई पाश्चर

दुधाच्या पिशवीवर पाश्चराइज्ड हा शब्द आपण रोज बघतो. तो शब्द लुई पाश्चर यांच्या नावावरून आला. पिसाळलेलं कुत्रं चावल्यावर द्यायची लसही पहिल्यांदा त्यांनीच १८८५ मध्ये माणसाला दिली. पण याच पाश्चर यांची स्वतःची द्राक्षबाग होती आणि त्यांच्या आयुष्यातला एक मोठा वाद त्या बागेतच मिटला, हे फार कमी जणांना माहीत आहे.

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधल्या डोल गावी झाला. वडील कातडी कमावण्याचं काम करायचे. लुई लहान असतानाच कुटुंब आर्ब्वा गावात आलं. हा सगळा भाग द्राक्षांचा आणि वाईनचा.

पुढे ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. रस आंबतो ती नुसती रासायनिक क्रिया, असं तेव्हाचे बडे शास्त्रज्ञ मानत. पाश्चर यांनी दाखवून दिलं, की हे काम यीस्ट नावाचे जिवंत सूक्ष्मजीव करतात.

१८६३ मध्ये फ्रान्सच्या बादशहाने त्यांच्याकडे वाईनचं दुखणं सोपवलं. साठवलेली वाईन आंबट, कडू व्हायची आणि व्यापाऱ्यांचं मोठं नुकसान व्हायचं. पाश्चर यांनी आर्ब्वात सूक्ष्मदर्शक मांडला. बिघडलेल्या वाईनमध्ये त्यांना वेगळेच जंतू सापडले. उपाय साधा निघाला: वाईन न उकळता ५० ते ६० अंशांपर्यंत तापवायची. हीच रीत पुढे दुधाला लागू झाली.

याच काळात घरात मात्र दुःखाचे डोंगर कोसळत होते. १८५९ ते १८६६ या सात वर्षांत तीन मुली गेल्या. १८६८ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, डावी बाजू कायमची अधू झाली. तरी काम थांबलं नाही. १८७४ मध्ये त्यांनी आर्ब्वाजवळ द्राक्षबाग विकत घेतली.

१८७८ मध्ये त्यांचे स्नेही आणि थोर शास्त्रज्ञ क्लोद बर्नार वारले. त्यांच्यामागे त्यांची टिपणं छापली गेली. यीस्टशिवायही द्राक्षाचा रस आंबतो, असा त्यात दावा होता. पाश्चर यांची वीस वर्षांची मेहनत पणाला लागली. समोर मित्र, तोही हयात नसलेला.

पाश्चर नुसता वाद घालत बसले नाहीत. घड हिरवे होते, यीस्ट अजून सालीवर आलं नव्हतं, तेवढ्यातच त्यांनी काही वेलींवर काचघरं उभारली. त्यातले काही घड कापसात गुंडाळले. ऑक्टोबरमध्ये द्राक्षं पिकली. उघड्यावरच्या घडांचा रस दोन दिवसांत फसफसू लागला. काचेतल्या घडांचा रस तसाच राहिला. मग काचेतले घड बाहेरच्या वेलींवर टांगले, तर तेही आंबू लागले. म्हणजे यीस्ट द्राक्षाच्या आत तयार होत नाही, बाहेरून येऊन सालीवर बसतं. घरी वाईन करताना वरून काही न घालता रस फसफसतो, तो यामुळेच.

२८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर यांचं निधन झालं. पॅरिसमध्ये त्यांच्या समाधीवर रंगीत तुकड्यांची नक्षी आहे. त्यात कुत्री आहेत, मेंढ्या आहेत आणि द्राक्षाचा वेलही आहे.